अपेक्षित आयुष्य, वर्षांत

तो फॉर्म मीच तयार केला होता. दोन पानांचा, मराठीतून, कारण घर बांधणाऱ्याला इंग्रजी कागद दिला की तो वाचत नाही, नुसती सही करून परत देतो. घरात माणसं किती, पंखे किती, कूलर लागणार का, अंघोळीचं पाणी कशावर तापवता, असे साधे प्रश्न होते. शेवटचा रकाना होता, ‘अपेक्षित आयुष्य, वर्षांत’. म्हणजे घराचं. हे घर किती वर्षं उभं राहावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच मला विचारायचं होतं. पण ‘घराचं’ हा शब्द मी लिहिला नाही. फॉर्म घराचा आहे, तर आयुष्यही घराचंच असणार, यात सांगण्यासारखं काय आहे असं मला वाटलं.

आत्यानं त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दोन. फार तर अडीच.’

मला हसू आलं. तिला फोन लावला आणि म्हणालो, “आत्या, दोन वर्षांत पडायला मी काय तंबू ठोकतोय का तुला?”

ती मग म्हणाली, “घराचं इचारलं व्हतं व्हय. मला वाटलं माझं इचारलंय. आमच्या दवाखान्याच्या कागदावर पेशंटचंच इचारायचे.”

आत्या नर्स होती. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी, पाचोड, वैजापूर, अशा बदल्या करत करत शेवटी शहरात. अंदाज लिहायची तिला सवय होती. पोटात गाठ आहे, ती पसरली आहे, हे तिला चार महिने ठाऊक होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते कळलं ते असं, माझ्याच फॉर्मच्या शेवटच्या रकान्यातून. एक शब्द कमी लिहिला म्हणून.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. पंचवीस वर्षं या शहरात घरं बांधतोय, म्हणजे तीन-चार मजली फ्लॅटच्या इमारती, एकीवर एक काचेची बाल्कनी असलेल्या, खाली पार्किंग आणि वर पाण्याच्या काळ्या टाक्या. सगळ्या एकसारख्या. बायपासनं जाताना मला माझ्या इमारती ओळखता येत नाहीत, हे मी गमतीनं सांगत असे. चारेक वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला गेलो. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला आपली एक इमारत घ्यायला सांगितली आणि तिचा जन्मापासून मरेपर्यंतचा धूर मोजायला लावला. वीट भाजताना किती, सिमेंट आणि सळई बनताना किती, ट्रक आणि टँकर किती फिरले, मग पन्नास वर्षं आतले पंखे, कूलर, एसी यांनी किती, आणि शेवटी पाडताना किती. मी आधी मान डोलावत होतो. मग एक गोणी सिमेंट तयार होताना गोणीच्या निम्म्याहून जास्त वजनाचा वायू हवेत जातो हे कळलं, आणि मी माझ्या गोण्या आठवायला लागलो. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला वाटलं पोट बिघडलं.

त्यानंतर मी लोकांना सांगत सुटलो. घर बांधायला येणारा प्रत्येक जण माझं ऐकून घ्यायचा, अगदी मान देऊन. चहा मागवायचा. आणि माझं बोलून झालं की विचारायचा, सर, ते सगळं बरोबर आहे, पण किचन आग्नेयेला येईल ना? मी भिंती बदला म्हणालो, छत बदला म्हणालो, निदान पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा तरी काढा म्हणालो. सज्ज्यामुळं इमारत जुनाट दिसते, असं एकानं सांगितलं. दरवर्षी उन्हाळा वाढत होता, दरवर्षी मी तेच ओतत होतो, आणि आता काय ओततोय ते मला माहीत होतं. अज्ञानात होतो तोवर झोप तरी लागायची.

म्हणून आत्यानं घर बांधायचं काढलं तेव्हा मी अधाशासारखा तुटून पडलो. शहराच्या कडेला तिचा एक प्लॉट होता, नोकरीत असताना घेऊन ठेवलेला. घेतला तेव्हा चहूकडे ज्वारी होती, आता तिन्ही बाजूंना अपार्टमेंट झाली होती. प्लॉटवर एक कडुलिंब आणि मोकळी जागा. तिनं लग्न केलं नाही. जन्मभर क्वार्टरमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांत राहिली. मी डिप्लोमाला शहरात आलो तेव्हा गुलमंडीच्या मागं तिच्या दोन खोल्यांत तीन वर्षं राहिलो. ड्युटीवरून येऊन ती माझ्यासाठी भाकरी टाकायची आणि मी ड्रॉईंग काढत बसायचो. तेव्हा म्हणायची, “लेका, शिकून माझं एक घर बांध. दोन खोल्या अन् स्वयंपाकघर. लई नको.” ते मी पंचवीस वर्षं पुढं ढकललं होतं. आता एक तरी घर नीट बांधीन, मी मनाशी म्हणालो, आणि ते तिचं असेल.

बेत असा होता. पाया काळ्या दगडाचा. भिंती जुन्या विटांच्या. गुलमंडीजवळ कापडाचं एक दुकान पाडलं जात होतं, त्याच्या विटा मिळाल्या. चुन्यात बांधलेल्या होत्या म्हणून अख्ख्या निघाल्या, नुसता हात फिरवला की चुना गळून पडत होता. दारं-खिडक्या जुन्या सागवानाच्या. आणि छत कमानीचं, विटांचं, चुना-सुरखीत, म्हणजे चुन्यात विटांची पूड मिसळून. चुना भाजतानाही धूर निघतोच, पण भिंतीत बसला की तो हवेतून त्यातला बराच परत ओढून घेतो. लोखंड जवळजवळ नाही. खोल्या उंच, समोरासमोर झरोके, म्हणजे उन्हाळ्यात एका पंख्यावर भागेल. मी सगळा हिशेब मांडला आणि आयुष्याच्या रकान्यात शंभर टाकले. एकूण धूर भागिले वर्षं. माझ्या नेहमीच्या कामाच्या मानानं आकडा इतका खाली आला की मी तो तीनदा तपासला.

मिस्त्री मिळाले ते जुन्या शहरातले. घराण्यात पिढ्यान् पिढ्या चुन्याचं काम, मशिदी आणि दर्गे दुरुस्त करणारे. सत्तरीचे, किडकिडीत, कानावर कायम एक पेन्सिल. त्यांनी पहिल्याच दिवशी कडुलिंबाखाली एक हौद खोदायला लावला, आतून विटांनी बांधून घेतला, कळीचा चुना त्यात विझवला आणि तो छतासाठी मुरत घातला.

“किती दिवस?” मी विचारलं.

“चूने को घाई नको, साब,” ते म्हणाले. “भिंत का चूना अलग. ये छत का है. इसको पडे रहने दो. ऊपर चार उँगल पानी होना, बस. सूख गया तो गया, पानी रहा तो मेरे बाद भी चलता.”

भिंती उठायला लागल्या आणि दिवाळीच्या आसपास मी तो फॉर्म आत्याला दिला. खरं तर तिच्यासाठी फॉर्मची गरज नव्हती. तिचे पंखे किती ते मला माहीत होतं. पण मला सगळं नियमानं करायचं होतं.

फोनवरचं ते बोलणं झालं त्या दुपारी मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलो आणि शंभरच्या जागी दोन टाकले. का टाकले ते सांगता येणार नाही. आकडा पन्नासपट झाला आणि ती चौकट लाल झाली. मग मी सिमेंटचं घर टाकून पाहिलं, तेही लाल. मातीचं टाकलं, लाल. दोन वर्षांसाठी काहीही बांधलं तरी ते पाप होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आत्याचं उत्तर चुकीचं नव्हतंच. तिच्यामागं तो प्लॉट आम्हा भाच्यांकडे येणार होता. पुढचा रस्ता साठ फुटी झाला होता. तिथं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर कोण ठेवील? माझा मोठा भाऊ तर पाया भरला जात होता तेव्हाच म्हणाला होता, “जागा चांगली आहे रे, नंतर काहीतरी करता येईल.” त्या घराचं आयुष्य आत्याच्या आयुष्याएवढंच होतं. शंभर हा आकडा मी माझ्या समाधानासाठी टाकला होता.

तेव्हापासून मला घाईनं पछाडलं. आत्या रोज सिटी बसनं साइटवर यायची. घरून डबा आणायची, कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, मिस्त्रींशी बोलायची. ते तिला सिस्टर म्हणायचे. केमोच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा यायची, डोक्याला रुमाल बांधून. भिंतींवर पाणी मारायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. आणि मी दिसलो की तिचा एकच प्रश्न, “छत कवा?”

“होईल, आत्या.”

“तसं नाय. कवा ते सांग.”

मला त्या प्रश्नात एकच गोष्ट ऐकू यायची. मला त्या घरात कधी राहायला मिळेल, मी असेपर्यंत मिळेल का. ती कवा म्हणायची आणि मी घरी येऊन बायकोवर चिडायचो. मिस्त्रींच्या मागं लागायचो. ते म्हणायचे, फाल्गुन संपेपर्यंत चुना होईल, मग कमान धरू, खाली लाकडी आधार, मग तो दीड महिना तसाच ठेवू, मग वरचा थर, आणि पावसाळ्यापूर्वी नाही झालं तर दिवाळीनंतर. दिवाळीनंतर, असं ते सहज म्हणाले. त्यांना आत्याच्या आजाराबद्दल माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. मला वाटलं, या माणसाला वेळ म्हणजे काय ते कळतच नाही.

मार्चमध्ये एके दिवशी आत्या साइटवर चक्कर येऊन पडली. दहा दिवस दवाखान्यात ठेवलं. पहिल्या दोन दिवसांतच मी ठरवलं. सळई मागवली, सेंटरिंगवाल्यांना बोलावलं, मिक्सर आला. माझ्या नेहमीच्या माणसांनी सहा दिवसांत तयारी केली आणि सातव्या दिवशी सकाळी स्लॅब भरला. पंचवीस वर्षं जे करत आलो तेच. हात ते काम आपोआप करतात. मला तर त्या दिवशी बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान काहीतरी पुढं सरकत होतं.

मिस्त्री स्लॅबच्या आदल्या दिवशी आले होते. त्यांनी लोखंडाची जाळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“सीमेंटच डालना था तो मेरे कू कायकू बुलाए, साब?”

“आत्याकडे वेळ नाही,” मी म्हणालो.

“सिस्टर बोले क्या ऐसा?”

“त्यांनी बोलायची काय गरज आहे? मला दिसत नाही का?”

त्यांनी आपली थापी आणि ओळंबा पिशवीत भरला आणि गेले. त्यांना थांबवायला मी गेलो नाही. हौदावर मी शहाबादी फरश्या टाकायला सांगितल्या, कुणी आत पडू नये म्हणून, आणि हौद विसरलो.

आत्या दवाखान्यातून आली तेव्हा स्लॅबवर पाण्याची आळी केलेली होती. ती खाली उभी राहून वर बघत राहिली. बराच वेळ.

“झालं व्हय,” ती म्हणाली.

“अक्षय तृतीयेला राहायला यायचं,” मी म्हणालो. “आता तरी खूश?”

“लई घाई केलीस, लेका,” ती म्हणाली. मला वाटलं कौतुक करते आहे.

अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. भाऊ, वहिनी, चुलतभाऊ, सगळे आले. सगळ्यांनी घर नावाजलं. त्याच आठवड्यात पारा बेचाळीसवर गेला आणि ते घर तापलं. भिंती चांगल्या होत्या, दगडाचा पाया थंड होता, झरोक्यांतून वारा खेळत होता, आणि वरून तो स्लॅब दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी खाली ओकत होता. उंच खोल्या मी कमानीच्या हिशेबानं काढल्या होत्या. सपाट छत टाकताना घाईत भिंती दोन फूट कमी केल्या, कारण तेवढंच काम वाचत होतं. स्लॅबवर पांढरा रंग मारला, गवताच्या पेंढ्या टाकल्या, पोती भिजवून टाकली. थोडा फरक पडला. शेवटी मी एसी बसवला. ज्या घराचा हिशेब मी एका पंख्यावर केला होता त्या घरात, स्वतःच्या हातानं. आत्या तो लावायचीच नाही, म्हणायची हाडांत गारठा भरतो. पण मी येणार असलो की लावून ठेवायची. मला वाईट वाटू नये म्हणून. हे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं.

दिवसभर ती बाहेरच बसायची, कडुलिंबाखाली, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत. घरासाठी आयुष्यभर थांबलेली बाई घर झाल्यावर अंगणात बसलेली मला बघवत नव्हतं, म्हणून मी कमी जायला लागलो. हेही खरं सांगून टाकतो. गेलो की काहीतरी खोड काढायचो. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, आणि एकदा मी पाहिलं तर कडुलिंबाखालची जमीन ओली, बादली कलंडलेली.

“हे काय?”

“झाडाला टाकलं.”

“कडुलिंबाला कोण पाणी घालतं, आत्या? टँकर मागवतोय आपण. तुला काही कळतं का?”

“तो बी जीवच हाये,” ती म्हणाली. आणि विषय बदलला, माझ्या मुलीचं कॉलेज कसं चाललंय ते विचारायला लागली.

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी जरा जोरातच बोललो. चार मजले चढून बायका हंडे नेतात समोरच्या अपार्टमेंटमध्ये, आणि तू झाडाला बादल्या ओततेस, असं काहीतरी. तिनं ऐकून घेतलं. तोवर तिचं वजन इतकं उतरलं होतं की भरलेली बादली ती दोन्ही हातांनी, पायाशी टेकवत टेकवत नेत असे. मला वाटलं आजारपणात माणूस हट्टी होतो, चालायचंच.

पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली. फॉर्म भरल्यापासून दीड वर्षानं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, इथं थोडा चुकला. शेवटचे पंधरा दिवस तिला उचलून अंगणात नेता येत नव्हतं, म्हणून ती त्या खोलीतच होती, त्या छताखाली. आम्ही एसी लावला की तिला थंडी भरायची, बंद केला की अंग भाजायचं. मी चादरी भिजवून खिडकीला टांगायचो. डॉक्टर म्हणाले, आजारानंच गेल्या. असेल. पण ते पंधरा दिवस तिला त्या खोलीत जे सोसावं लागलं ते माझ्या स्लॅबनं दिलं, आजारानं नाही. मी इंजिनियर आहे, एवढं मला कळतं.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी भावानं विषय काढला. तसा तो वाईट माणूस नाही. आजारपणात तोही रात्री जागला होता.

“पार्किंग अधिक चार मजले बसतील,” तो म्हणाला. “आपण चौघं भाऊ, चार मजले. तूच काढ नकाशा.”

“घर नवीन आहे, दादा. वर्ष झालंय फक्त.”

“अरे, दोन खोल्यांसाठी केवढी जागा अडवून ठेवायची? आणि आत बसवत नाही तिथं, तूच बघितलंस ना उन्हाळ्यात.”

डोक्यावर कमानीचं छत असतं तर मी त्याला मे महिन्याच्या दुपारी आत नेऊन बसवला असता आणि म्हणालो असतो, बस, आणि आता बोल. त्या घरासाठी भांडलो असतो. पण ते आता इतर कुठल्याही घरासारखं घर होतं, थोडं बुटकंच. मी सही केली.

पाडायचं काम जूनमध्ये, पावसाच्या आत उरकायचं ठरलं. मी मिस्त्रींना फोन केला. सव्वा वर्षात पहिल्यांदाच. विटा आणि सागवान तुम्हीच काढून न्या म्हणालो, मशीन लावलं तर सगळा चुरा होईल. येतो म्हणाले. रागाचं काही बोलले नाहीत.

आधी स्लॅब गेला. ब्रेकरवाल्यांना दोन दिवस लागले आणि शेवटी राडारोडा आणि वाकड्या सळया उरल्या, कशाच्याच कामाच्या नाहीत. मग मिस्त्रींनी भिंती उतरवायला घेतल्या. एक एक वीट हातानं सोडवायची, छोट्या छिन्नीनं चुना खरवडायचा, रचून ठेवायची. सगळ्या अख्ख्या निघत होत्या. “इसका तीसरा घर होयेंगा,” ते एक वीट हातात घेऊन म्हणाले. मी कडुलिंबाखाली उभा होतो. खुर्ची अजून तिथंच होती.

तिसऱ्या दिवशी ते हात धुऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साब, अब चूना निकालेंगे.”

“कसला चुना?”

त्यांनी फरश्यांकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, “तो वाळून दगड झाला असेल, मिस्त्री. सव्वा वर्ष झालं.”

ते वाकले आणि एक फरशी सरकवली. वर पातळसा पापुद्रा धरला होता, भेगा पडलेला. त्यांनी दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढली. बोटांवर चुना होता, पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ. दुसरी फरशी काढली तर कडेला आत्याचा स्टीलचा तांब्या उपडा ठेवलेला.

“सिस्टर फोन करते थे मेरे कू,” मिस्त्री म्हणाले. “हर आठ दिन. चूना जिंदा है क्या, पूछते थे. मैं बोला, चार उँगल पानी रखो. बोले, रखती.”

मी तांब्या उचलून हातात घेतला.

“बोले, स्वयंपाक के पीछे एक छोटी खोली निकालनी है. उस पे कमान डालने का. भतीजे का मन ठिकाने पे आया तो मैंच बोलती उसको, तुम नको बोलो.” त्यांनी बोटं विटेला पुसली. “उनको देखना था, साब. नीचे का लकडा निकालने के बाद कमान कैसी खडी रहती, वो देखना था. पहले दिन से वोच पूछते थे. छत कब, छत कब. रहने की बात मेरे सामने कभी नै करे.”

मी खुर्चीत बसलो. वर्षभर ती बादल्या ओढत होती आणि मी तिला पाण्यावरून बोललो होतो, एकदा नाही, दोनदा. तिला घाई नव्हती. साइटवरचे ते सहा महिने, डबा, मिस्त्रींशी गप्पा, भिंतींवर पाणी, हेच तिला हवं होतं, आणि ते मी सात दिवसांत संपवून टाकलं. दोन वर्षं हा तिचा अंदाज होता. भीती माझी होती. एकदा विचारलं असतं, आत्या, कवा म्हणजे तुला काय म्हणायचंय, तर तिनं सांगितलं असतं. ती सरळ बोलणारी बाई होती.

माझ्या बॅगेत चार मजल्यांचा नकाशा होता. त्याच्या हिशेबात आयुष्य पन्नास धरलं होतं, सगळे धरतात तसं.

“साब,” मिस्त्री हौदात वाकून म्हणाले, “मैं गाडी से ड्रम लाता. हवा लगी तो सूखेगा. उत्ते में आप ऊपर से पानी डालो.”

आत्याची बादली नळाजवळच होती. मी ती घेतली आणि नळ सोडला. पाणी यायला अजून चार दिवस होते.